दोन झाडांवरून येणारी वायर

माझा भाऊ गुरुवारी गेला. सकाळी त्यानं चहा मागितला. मी चहा टाकला आणि कप घेऊन खोलीत गेले, तेव्हा तो गेला होता. नऊ वाजता चुलतभाऊ दारात आला. दुपारी त्यानंच अग्नी दिला.

त्या चुलतभावाशी मी चार वर्षं बोलले नव्हते. तो इतक्या लवकर कसा पोचला, हे त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही. बातमी कळली असेल, भावकी म्हणून आला असेल, असं धरून चालले. खरं कारण मला दहाव्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी हे लिहायचं म्हणते आहे. त्याला आता बरेच महिने झाले. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या नोंदी करण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःची एवढी एक गोष्ट नोंदवायला हात उचलत नव्हता.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडं आत. मी कर्जतला एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. सकाळी आठच्या मिनिडोर रिक्षानं जाते, संध्याकाळी परत येते. लग्न मी केलं नाही, भावानंही केलं नाही. तो मोहोपाड्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि सणाला घरी यायचा. मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, नोकरी सुटली आणि तो कायमचा घरी आला. टेंपोतून सामान उतरवताना त्यानं एका वस्तूला कोणाला हात लावू दिला नाही. गोधडीत गुंडाळलेला एक जुना कॉम्प्युटर होता. तो मांडीवर घेऊन भाऊ पुढच्या सीटवर बसून आला होता.

त्या कॉम्प्युटरमध्ये एक गाव होतं. ठोकळे रचून घरं, विहिरी, शेतं बांधायचा एक खेळ असतो. मोठमोठी माणसंही तो खेळतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मोहोपाड्याला असताना त्यानं आणि त्याच्या सहासात सहकाऱ्यांनी मिळून तिथं एक वाडी वसवली होती. पुढे ते सगळे पांगले. कोणी वापीला गेलं, कोणी आखातात, एकाची बायको सांगलीहून खेळायची. पण वाडी होती भावाच्या यंत्रात. त्याचं यंत्र चालू असेल आणि त्याला इंटरनेट असेल तर जो तो आपापल्या ठिकाणाहून वाडीत यायचा. यंत्र बंद, तर वाडी बंद. क्वार्टरमध्ये कंपनीच्या वसाहतीची चांगली लाईन होती, त्यामुळे पाच वर्षं ती कधी बंद पडली नव्हती.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना कळवलं की महिनाभर थांबा, मग दार उघडतो.

त्याला दुसरं काहीच नको होतं. पथ्याचं जेवण तो न कुरकुरता जेवायचा. पाणी मोजून प्यायचा. डायलिसिसच्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, तेव्हाही काही मागायचा नाही. त्याला फक्त ती वाडी पुन्हा चालू करायची होती. मला सुरुवातीला हसू आलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, ठोकळ्यांचा खेळ. शेजारच्या काकूंनी विचारलं, दिवसभर काय करतो गं तो, तर मी म्हटलं, कॉम्प्युटरवर काम करतो. खेळतो म्हणायची मला लाज वाटली. ती लाज आता आठवते तेव्हा वाटतं, लाज वाटून घ्यायला माणूस किती भलती जागा शोधतो.

वाचनालयातली जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची जाड कार्डं, आम्ही रद्दीत काढली होती. त्यांचा एक गठ्ठा मी त्याला आणून दिला होता. कार्डांच्या कोऱ्या पाठीवर तो इंटरनेटच्या सोयी लिहून काढायचा, एका कार्डावर एक. संध्याकाळी मी हातपाय धुऊन आले की मला वाचून दाखवायचा. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याची समजावून सांगायची पद्धत चांगली होती.

पहिलं कार्ड सिमकार्डाच्या राउटरचं. तो आमच्याकडे होताच. माळ्याच्या खिडकीत, माथेरानच्या बाजूला तोंड करून ठेवला की रेंज यायची. त्यावर दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळता येतं, तो म्हणाला, पण आपल्या घरी कोणाला बोलावता येत नाही. मी विचारलं, का. तर म्हणाला, "ताई, हे चाळीसारखं आहे. हजार बिऱ्हाडांना मिळून एकच पत्ता. पत्र चाळीच्या दारापर्यंत येतं, पुढं कुठल्या खोलीत जायचं ते त्याला माहीत नाही."

दुसरं ग्रामपंचायतीतल्या जोडणीचं. पंचायतीच्या कपाटात कुलूपबंद पेटी होती, तिचा दिवा कधी लागलेला कोणी पाहिला नव्हता. तिसरं छपरावरच्या छोट्या डिशचं, जी लांबच्या टॉवरकडे रोखून धरायची असते. त्यासाठी मधे काही आडवं येता कामा नये, आणि आमच्या घरापुढं सागाची रांग आहे. चौथं उपग्रहाचं, त्यावर त्यानं फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. मित्रांचं म्हणणं होतं की वाडी कुठल्यातरी शहरातल्या भाड्याच्या यंत्रावर हलव. ते त्याला पटेना. भाड्याच्या जागेत गाव वसवायचं नाही, असं तो हट्टानं म्हणायचा. त्याच्या आयुष्यात हट्ट करायला तेवढी एकच जागा उरली होती.

शेवटचं कार्ड केबलवाल्याचं. हा आमच्या भागातला माणूस, टीव्हीच्या केबलपासून सुरुवात करून आता घराघरात फायबरची बारीक वायर पोचवतो. त्याची लाईन दूध डेअरीच्या फाट्यापर्यंत आली होती. तिथून आमचं घर दिसतं. घराला वेगळा पत्ता मागितला तर तोही तो देत असे. भावानं त्याला फोन केला आणि एका रविवारी तो शिडी घेऊन पाहायला आला. भाऊ थकून झोपला होता, म्हणून त्याच्याबरोबर मी गेले.

आमच्याकडे अशी वायर जमिनीतून नेत नाहीत. विजेचे खांब असतील तर खांबांवरून, नसतील तिथं झाडांवरून नेतात. झाड ज्याचं असेल त्याला एकदा सांगायचं, एवढीच रीत. कागद नाही, सही नाही. केबलवाल्यानं डोळ्यांवर हात धरून फाट्यापासून घरापर्यंत पाहिलं. दोन खांब, मग एक आंबा, एक जांभूळ आणि घर.

"सोपं हाय," तो म्हणाला. "अर्ध्या दिसाचं काम. ही दोन झाडं तेवढी तुमच्या चुलतभावाची. त्यांच्या कानावर घालतो ना मी."

मी म्हटलं, तुम्ही नको. मी विचारते.

मी विचारणार नव्हते. वडील गेल्यावर चुलतभावाच्या ट्रॅक्टरनं आमच्या दोघांमधल्या बांधाचा दगड हातभर सरकला होता. त्यानं मुद्दाम केलं की ड्रायव्हरची चूक होती, हे आजही मला ठाऊक नाही. मी सरकारी मोजणी आणली. मोजणीत निघालं की वडिलांच्या वेळी आम्हीच दीड हात त्याच्यात होतो. पंचायतीत चारचौघं बसले होते, आणि तिथं मी उभं राहून म्हटलं, घ्या तुमचा दीड हात, पण तुमच्या बांधाला मी यापुढे पाय लावणार नाही. शिकलेली बाई आहे म्हणून लोक माझं ऐकून घेतात. त्या दिवशीही ऐकून घेतलं. ते वाक्य मग गावात राहिलं, आणि माझ्यातही. मी वाचनालयाला जाताना जवळची पायवाट सोडून डेअरीवरून वळसा घालून जाऊ लागले.

तर त्या रविवारी भाऊ उठला आणि त्यानं विचारलं, काय म्हणाला केबलवाला. मी भाजी निवडत होते. मान वर न करता मी सांगितलं, इथपर्यंत लाईन पोचत नाही म्हणाला. लांब पडतं, सिग्नल कमी होतो.

तो म्हणाला, "असं म्हणाला का. बरं."

त्यानं केबलवाल्याला पुन्हा फोन केला नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. जो माणूस मला चाळीची उपमा देऊन इंटरनेट समजावू शकत होता, त्याला फायबर एवढ्याशा अंतरात कमजोर पडत नाही हे माहीत असणारच, हा साधा विचार मी केला नाही. केला असेल आणि बाजूला सारला असेल. नक्की सांगता येत नाही.

पुढचं वर्ष त्यानं सिमकार्डावर काढलं. मित्रांच्या दुसऱ्या खेळांत पाहुण्यासारखा जायचा. पावसात रेंज गेली की तासचे तास राउटरचं तोंड इकडेतिकडे फिरवत माळ्यावर बसायचा. जिना चढताना त्याला धाप लागायची, ती मला स्वयंपाकघरात ऐकू यायची. एकदा त्यानं आडवाटेनं वाडी उघडून पाहिली, परदेशातल्या कुठल्याशा यंत्राला मधे घालून. सगळे आत आले. मी त्याच्यामागे उभी होते. पडद्यावर ती ठोकळ्यांची माणसं दोन पावलं चालायची आणि थिजायची, पुन्हा दोन पावलं चालायची. दहा मिनिटांत एकेक करून सगळी बाहेर पडली. भाऊ हसून म्हणाला, "बघितलंस ताई, वाडीला लकवा मारला."

मी तेव्हा बोलू शकले असते. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले.

त्याच्या वापीच्या मित्राचा मला एकदा फोन आला. संकोचानं विचारत होता, ताई, तिकडे केबल खरंच येत नाही का, आमच्याकडे तर पार डोंगरातल्या पाड्यांत गेली आहे. भाऊ शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी त्याच्यासमोर फोनवर तेच सांगितलं, लांब पडतं, सिग्नल कमी होतो. पहिल्यांदा सांगताना मान खाली होती. या वेळी वर होती. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

मग तो गुरुवार.

आमच्याकडे सुतक भावकीचं एक असतं. बोलणं असो नसो, दहा दिवस सगळ्यांनी पाळायचं, खांदा द्यायचा, डोक्याचे केस काढायचे. चुलतभावानं सगळं केलं. भावाला मूल नव्हतं, म्हणून मडकंही त्यानंच धरलं. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही. ज्याच्याकडे दोन झाडांची परवानगी मागायला माझी जीभ उचलली नव्हती, त्याच्या हातून माझ्या भावाचं सगळं झालं आणि मी पडवीत बसून पाहिलं.

दहाव्याला नदीवरून सगळे परत आले. एकेक करून माणसं उठली. चुलतभाऊ तेवढा पडवीच्या कडेला बसून राहिला. केस काढलेल्या डोक्यामुळे तो माझ्या वडिलांसारखा दिसत होता. मग तोच बोलला.

"बाय, ती वायर राहिलीच गं."

मी म्हटलं, कसली वायर.

"त्याच्या खेळाची. मला त्यानं मागंच इचारलं होतं. मी म्हनलं, घेऊन जा, आंब्यावरनं ने, जांभळीवरनं ने, झाडाला काय जड हाय? तर नाय म्हनला. ताईनं इचारलं पायजे, म्हनला. ती इचारील तवाच."

भाऊ त्याला कुठं भेटला असेल, हे माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"दर सोमवारी न् गुरुवारी मीच नेत होतो त्याला," तो म्हणाला. "तुजी मिनिडोर गेली का मी गाडी घेऊन यायचो. खोपोलीला दवाखान्यात सोडायचो, दुपारी आनायचो. त्या दिवशीपन त्यालाच न्यायला आलतो, देवळापाशी दिसला नाय म्हनून दारात आलो."

मला भाऊ सांगायचा की रिक्षानं जातो. मी कधी विचारलं नव्हतं की रिक्षा कुठून मिळते. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा तो अंथरुणावर असायचा, एवढंच मी पाहत होते.

चुलतभावानं आणखी एक गोष्ट सांगितली. सांगायची की नाही असा त्याला प्रश्न पडला होता बहुतेक, कारण तो उठून चपला शोधायला लागला होता आणि पाठमोरा होता. "दारापर्यंत सोडू देत नव्हता. देवळापाशीच उतरायचा. शेजारचं कोनी बगल, तुला सांगल, तुला राग येल, म्हनायचा. मी म्हनायचो, अरं चालवत नाय तुला. तर म्हनायचा, एवढं चालतो मी."

देवळापासून आमचं घर मला रोज पाच मिनिटांचं वाटतं. डायलिसिस करून आलेल्या माणसाला ते किती लागत असेल, हे मी त्यानंतर एकदा चालून पाहायचा प्रयत्न केला. पोत्यासारखे पाय ओढत, थांबत थांबत. मग लक्षात आलं की हे सोंग आहे, आणि नीट चालत घरी आले.

त्या संध्याकाळी मी त्याची कार्डं काढली. रबर लावून ठेवलेली होती. केबलवाल्याचं कार्ड सगळ्यात खाली होतं. मला वाटलं होतं त्यावर माझंच वाक्य असेल, लांब पडतं म्हणून. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: डेअरी, खांब, खांब, आंबा, जांभूळ, घर. पुढे एक शब्द होता. पोचते.

दुसरं काही नव्हतं. माझ्याबद्दल काही नव्हतं. मी कार्ड उलटं केलं. मागे मीच कधीतरी केलेली एका पुस्तकाची नोंद होती.

तेरावं झाल्यावर एका सकाळी मी कामावर गेले नाही. पायवाटेनं निघाले, बांध ओलांडला आणि चुलतभावाच्या अंगणात गेले. तो बैलाच्या गोठ्यात होता, त्याची बायको तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मी उभ्या उभ्या म्हटलं, "दादा, तुझ्या दोन झाडांवरून वायर न्यायची आहे. नेऊ का?"

त्यानं मला आधीच हो सांगितलेलं होतं. तरी माझं विचारणं बाकी होतं. तो हात पुसत बाहेर आला. काही टोमणा मारेल असं मला वाटलं, मारला असता तर बरं वाटलं असतं. तो बायकोला म्हणाला, "च्या ठेव गं, बाय आलीय." आणि मला म्हणाला, "ने."

केबलवाला दुसऱ्या दिवशी आला. चुलतभाऊ स्वतः आंब्यावर चढला, वायर कुठल्या फांदीवरून नेली म्हणजे कैऱ्या उतरवताना तुटणार नाही हे त्याला माहीत होतं. दहाला सुरू झालेलं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं. मी ओट्यावर बसून ते संपताना पाहिलं. एक वर्ष आणि काही महिने, आणि तीन तास.

यंत्र चालू करायला वापीचा मित्र फोनवर होता. तो सांगेल तसं मी करत गेले. नव्या पेटीला घराचा पत्ता दिला, कुठलं दार उघडायचं तो आकडा भरला. रविवारी दुपारी तीनला त्यानं बाकीच्यांना बोलावलं. मी भावाच्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होते. एकेक नाव उमटलं आणि एकेक माणूस वाडीच्या विहिरीपाशी उभा राहिला. कोणी अडखळलं नाही. ते भावाच्या तिथल्या घरासमोर गेले आणि बराच वेळ हलले नाहीत. खेळात डोकं उघडं करायची सोय आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या.

मग सांगलीच्या बाईनं लिहिलं, ताई, केबल आली वाटतं तुमच्याकडे. आमचे हे म्हणायचे, कधी ना कधी येईलच.

मी टाईप करायला घेतलं. केबल आधीपासून येत होती, मी खोटं सांगितलं होतं, असं लिहिलं. मराठी अक्षरं मला त्या कीबोर्डवर सापडत नव्हती, म्हणून फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही. शेवटी पाठवलं. मग वापीच्या मित्रानं लिहिलं, त्यानं आम्हाला सांगितलं होतं, ताई. तुम्हाला बोलायचं नाही अशी शपथ घातली होती.

म्हणजे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. मी फोनवर मान वर करून जे सांगितलं, ते ऐकताना त्या मित्रालाही माहीत होतं. त्यानं तरीही विचारून पाहिलं होतं, मी खरं सांगते का म्हणून.

आता रविवारी दुपारी ते सहा जण येतात, शेत कापतात, नवं पेरतात. मला तिथं नीट चालता येत नाही, मी भिंतींना धडकते. भावाचं घर त्यांनी तसंच ठेवलं आहे. इकडे मी पुन्हा पायवाटेनं मिनिडोरला जाते, आणि जाताना आंबा आणि जांभळीवरची वायर दिसते. यंत्र त्याच्या खोलीत चालू असतं, त्याची कार्डं शेजारी आहेत, आणि वाडीच्या यादीत त्याचं नाव पहिलं आहे.